वचनाचा कागद : घोडनदी, दौंड आणि जुन्या नोटांचे मोल

शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत जुन्या कागदपत्रांच्या शोधात हिंडताना आम्हांस एक अनुभव वारंवार आला आहे. आपण चौकशी करावी मोडी दफ्तराची, आणि घरातल्या माणसांनी आत जाऊन आणावी ती एखादी जुनी नोट. दफ्तर वाळवीने खाल्लेले असते, कधी बंबात गेलेले असते. नोट मात्र पोथीच्या पानांत, देवाच्या तसबिरीमागे किंवा ट्रंकेच्या तळाशी शाबूत असते. मग ती आमच्या हातावर ठेवून ठरलेला प्रश्न विचारला जातो : "हिचे किती येतील?"

भीमेकाठच्या एका गावात एका आजींनी आम्हांस अशीच एक नोट दाखवली. सहाव्या जॉर्जची मुद्रा असलेली, दहा रुपयांची, खाली चिंतामण देशमुखांची सही. चार घड्या घालून ठेवल्याने घडीवर कागद विरला होता आणि एका कोपऱ्याला हळद लागली होती. बाजारात काही शे रुपयांपलीकडे हिला कोणी देणार नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. आजी म्हणाल्या, "विकायची नाहीच हो सर. सासऱ्यांच्या रेल्वेतल्या पहिल्या पगारातली आहे. पण माहीत असलेलं बरं." दौंड हे जंक्शनचे गाव. तिथल्या कित्येक घरांत अशी पहिल्या पगाराची आठवण जपलेली असेल. परंतु त्या दिवशी परत येताना आमच्या मनात आले, की आपण आजींना जे सांगितले ती नोटेची किंमत होती. मोल सांगण्याचे साधन आपल्यापाशी होते काय? प्रस्तुत लेख ह्या प्रश्नाभोवती आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने नोटेकडे प्रथम संहिता म्हणून पाहावे, असे आमचे म्हणणे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर प्रथमपुरुषी एकवचनात केलेले एक विधान असते : धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे वचन मी देतो. बोलणारा गव्हर्नर, ऐकणारा कोणीही, ज्याच्या हाती कागद असेल तो. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नाही. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची, म्हणून तिच्यावर अर्थसचिवाची सही असते आणि कायद्याच्या लेखी ती नाण्याच्या जागी आहे. आज चलनात असलेल्या नोटेच्या मागल्या बाजूस पंधरा भाषांचा पट्टा असतो. त्यात मराठी मल्याळमच्या खाली आणि नेपाळीच्या वर, म्हणजे आठवी येते. दर्शनी बाजूला हिंदीत 'सौ' असलेला आकडा इथे 'शंभर' होतो. स्वातंत्र्यानंतर हिंदी ठळकपणे छापायची ठरली तेव्हा 'रुपया'चे अनेकवचन काय करावे ह्यावर चर्चा झाली आणि ती 'रुपये' ह्या रूपाच्या बाजूने मिटली. 1953 च्या सुमाराच्या नोटांत हा बदल दिसतो. व्याकरणाचा एक वाद कोट्यवधी प्रतींत छापून निघाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

तथापि संहिता वाचायची तर तिचा प्रदेशही ओळखावा लागतो. शिरूरला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती इथूनच, आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. त्या काळच्या पुणे प्रांतात पैसा म्हणजे धातू, आणि धातूही एकसारखा नव्हे. अंकुशी, चांदवडी अशा नाना रुपयांचा व्यवहार चाले. एका शिक्क्याचा रुपया दुसऱ्यात बदलताना सराफ बट्टा कापून घेई. 'बट्टा लागणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार त्या व्यवहाराची खूण आहे. नावाला बट्टा लागतो म्हणजे नाव खोटे ठरत नाही. ते पूर्ण मोलाने घेतले जात नाही, एवढेच.

कागद आला तो नंतर. मुंबईत 1840 मध्ये बँक ऑफ बॉम्बे निघाली आणि तिने स्वतःच्या नोटा काढल्या. त्या नोटांवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम ह्यांची चित्रे होती. पेशवाई बुडवणारा पुण्याचा रेसिडेंट अशा रीतीने कागदावर येऊन बसला. पुढे 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार ह्या बँकांकडून सरकारने स्वतःकडे घेतला. राणी व्हिक्टोरियाची मुद्रा असलेल्या त्या पहिल्या सरकारी नोटांची नक्कल होऊ लागली, म्हणून 1867 पासून वेगळ्या छपाईच्या नोटा आल्या. ह्या सगळ्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत.

परंतु संग्राहकाला आणि इतिहासकाराला सारखेच गुंतवणारे वैशिष्ट्य निराळे आहे. देश तेव्हा चलनाच्या मंडळांत विभागलेला होता. कलकत्ता मंडळाची नोट मुंबई मंडळात कायदेशीर चलन नव्हती. म्हणजे सरकार एक, राणी एक, पण वचनाला हद्द होती! सराफाचा बट्टा धातूवरून कागदावर आला, इतकेच. पाच रुपयांची नोट 1903 मध्ये ब्रह्मदेश वगळून सर्व मंडळांत चालू लागली; 1910 मध्ये दहा आणि पन्नासची, 1911 मध्ये शंभरची. 'भारताचा रुपया' ही कल्पना कागदावर पुरती उतरायला अशी पन्नास वर्षे लागली.

ह्याच काळातली दुसरी गोष्ट म्हणजे अर्धी नोट. टपालाने पैसे पाठवायचे तर वाटेत चोरीचे भय. म्हणून नोट मधोमध कापून एक अर्धे आधी पाठवीत. ते पोचल्याचे पत्र आले की दुसरे. पलीकडचा मनुष्य दोन्ही अर्धी चिकटवून नोट वापरी. आगगाडी पुण्याहून पुढे दौंड आणि दिक्सळपर्यंत 1858 मध्ये आली, आणि दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये खुला झाला; टपाल वेगाने जाऊ लागले, तरी सावधगिरी सुटली नाही. आज अशी जोडलेली नोट हाती आली की नवखा संग्राहक ती फाटकी म्हणून बाजूला टाकतो. जाणता मनुष्य तिच्यावरचे दोन्ही क्रमांक जुळतात का ते पाहतो, कारण त्या चिकटवणीत दोन माणसांचा परस्परांवरचा आणि टपालखात्यावरचा विश्वास, आणि अविश्वासही, दिसतो.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या वर्षांत सरकारने आपल्या वचनाचा कागद चलनात आणला, त्याच वर्षांत घोडनदी-भीमेच्या खोऱ्यात दुसऱ्या एका वचनाचा कागद अधिक वेगाने फिरत होता. तो म्हणजे कर्जरोखा, म्हणजेच खत. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध 1865 मध्ये संपले, भाव कोसळले. त्या सट्ट्यात अडकलेली बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. बँकेला नवा जन्म घेता आला; कुणब्याला तशी सोय नव्हती. त्यात सरकारने नव्या पाहणीत शेतसारा वाढवला. कर्जवसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा असा 1859 चा कायदा होता. त्याचा हेतू व्याज साचू नये हा. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे खत लिहिले जाऊ लागले आणि नव्या खताचे मुद्दल म्हणजे जुन्याचे ओझे झाले.

ह्या खताची आणि नोटेची तुलना केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. दोन्ही वचने, दोन्ही कागदावर. नोटेत वचन देणारा सामर्थ्यवान आणि घेणारा अनाम. खतात वचन देणाऱ्याचे नाव, गाव, जात, जमीन सगळे नोंदलेले, आणि शेवटी त्याची सही नाही, कारण त्याला लिहिता येत नाही. तिथे 'निशाणी नांगर'. आपण काय लिहून दिले हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याचा नांगर कागदावर चितारून त्याच्याकडून वचन घेतले जात होते. एका कागदाने धारकाला मोकळे केले, दुसऱ्याने देणाऱ्याला बांधले.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी ही गाठ सुटायला आरंभ झाला. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख ह्यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला : त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याचे पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही. बहिष्काराचे लोण आसपासच्या गावांत पसरले. पुढे 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासाच्या पुस्तकांत हे 'दख्खनचे दंगे' म्हणून येते. दौंडचा आजचा मुलूख त्या भीमथडीचाच भाग.

ह्या दंग्यांचे वैशिष्ट्य सर्वांनी नोंदवले आहे. लोकांना हवी होती ती खते. ती जिथे मिळाली तिथे जाळली गेली. जिथे सावकाराने मुकाट्याने काढून दिली तिथे बहुधा मारहाण झाली नाही. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला कागदाचे सामर्थ्य मात्र पुरेपूर कळले होते. कागद नाहीसा झाला की ऋण नाहीसे होते, ही समजूत अडाणीपणाची नव्हती. न्यायालयानेच ती त्याला शिकवली होती. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर होणे आवश्यक ठरवले. म्हणजे कागद जाळणाऱ्यांना मिळालेले उत्तर होते अधिक नीट लिहिलेला कागद.

आम्ही हा इतिहास जुन्या नोटांच्या लेखात का आणला, असे कोणी विचारील. कारण संग्राहकाच्या शास्त्रात एक आंधळी जागा आहे, आणि ती ह्या दोन तालुक्यांत उभे राहिल्यावर दिसते. नोटेची किंमत कशी ठरते ते पाहा. पहिली कसोटी दुर्मीळपणाची. गव्हर्नर कोण, सही कोणाची, क्रमांकाआधीची अक्षरे कोणती, ह्यांवर ती अवलंबून असते. बी. एन. आदरकर 1970 मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या नोटा म्हणून शोधल्या जातात. के. जी. आंबेगावकर 1957 मध्ये अल्पकाळ गव्हर्नर होते, पण गव्हर्नर म्हणून त्यांची सही कुठल्याही नोटेवर नाही. अर्थसचिव ह्या नात्याने ती एक रुपयाच्या नोटेवर मात्र आहे. सदोष नोट काढून तिच्या जागी घालायच्या नोटेवर 2006 पासून तारांकन येऊ लागले, त्याचाही स्वतंत्र बाजार आहे. ही सगळी माहिती किशोर झुनझुनवाला आणि रेझवान रझाक ह्यांच्या 2012 मधल्या सूचीग्रंथासारख्या साधनांनी शिस्तीत आणली. त्या श्रमांविषयी आम्हांस आदरच आहे.

दुसरी कसोटी अवस्थेची, आणि इथेच आमचा मतभेद सुरू होतो. कधीच न वापरलेली, कोरी करकरीत नोट सर्वांत वरची. एक घडी पडली की पायरी उतरली. कोपरा मुडपला की आणखी एक. टाचणीचे भोक, शाईचा आकडा, तेलाचा डाग, प्रत्येकाची वजावट ठरलेली. आपल्याकडे नोटांच्या गड्ड्या टाचण्याची पद्धतच होती. रिझर्व्ह बँकेने बँकांना ती 2001 मध्ये बंद करायला लावली. त्यामुळे त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही बहुधा दोन भोके असतातच. ह्या कसोटीचा अर्थ असा, की जी नोट लोकांत गेलीच नाही तिला सर्वाधिक भाव. जिने मजुरी चुकती केली, बाजार केला, ती खालच्या पायरीवर. आजींची हळद लागलेली नोट तर तळाला. वस्तू म्हणून हा न्याय बरोबर असेल. कोऱ्या नोटा टिकतात थोड्या. पण पुरावा म्हणून? न वाचलेले पुस्तक आणि समासात टिपा असलेले पुस्तक ह्यांत अभ्यासकाला दुसरे अधिक बोलते. नोटेच्या घड्या ह्या तिच्या समासातल्या टिपा आहेत. त्या पुसण्यासाठी नोट धुणारे आणि इस्त्री करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते किंमत वाढवण्याच्या नादात किंमतही घालवतात आणि पुरावाही.

आजींच्या नोटेवरची सहीच घ्या. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. हा रायगड जिल्ह्यातला मराठी मनुष्य संस्कृतचा जाणकार होता. कालिदासाच्या 'मेघदूता'चा त्याने मराठी अनुवाद केला. फाळणीनंतर 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँकेकडेच पाकिस्तानच्या चलनाचेही काम होते, आणि भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. ही छपाई झाली नाशिकला. नव्या राष्ट्राच्या आरंभीच्या नोटांवर अशी देशमुखांची सही गेली. पुढे केंद्रीय अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी 1956 मध्ये राजीनामा दिला. सूचीग्रंथात ही सही एक उपप्रकार म्हणून एका ओळीत येते. दौंडच्या पोथीतल्या नोटेत मात्र कराची, नाशिक, मुंबई आणि एका रेल्वे कामगाराचा पहिला पगार एकत्र आलेले असतात. ते उलगडून सांगणे हेच आमच्या मते मूल्यमापन.

हे न केल्याचे नुकसान केवळ बौद्धिक नाही. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट किंवा 786 हा क्रमांक असलेली कुठलीही नोट लाखांना जाते, अशी समजूत ह्या भागात घट्ट बसली आहे. ट्रॅक्टरची नोट अगणित छापली गेली. ती आजही कायदेशीर चलन आहे आणि वापरलेल्या अवस्थेत पाच रुपयांहून फार अधिक मोलाची नाही. फोनवरून कोणी लाखाची बोली लावतो आणि आधी नोंदणीचे, मग कराचे पैसे मागतो. रिझर्व्ह बँकेने आपले नाव वापरून होणाऱ्या अशा फसवणुकीविषयी 4 ऑगस्ट 2021 रोजी लोकांना सावध केले. तरीही माणसे फसतात, आणि फसणारे बहुतेक वेळा गरजू असतात. ज्यांच्या पणजोबांनी न वाचता नांगर उमटवला, त्यांचीच पतवंडे न पाहिलेल्या माणसाच्या वचनावर पैसे पाठवतात, हे पाहून आम्हांस विषाद वाटतो. आपल्या घरातला कागद काय आहे हे नीट सांगणारा कोणी गावात असता, तर हा धंदा चालला नसता.

वचन मागे घेतले जाते हेही ह्या छंदाने शिकवावे. मोठ्या नोटा जानेवारी 1946 मध्ये रद्द झाल्या, जानेवारी 1978 मध्ये पुन्हा झाल्या, आणि 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे व हजारच्या. रद्द झालेल्या 1978 च्या पाच हजाराच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडियाचे चित्र होते. ती पाहिलेली माणसे आमच्या परिचयात फार नाहीत. 2016 च्या रद्द नोटांविषयी 2017 मध्ये जो कायदा झाला त्यात एक कुतूहलाची तरतूद आहे : सामान्य मनुष्याने अशा दहापर्यंत नोटा बाळगाव्यात; अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. ज्या कागदाचे वचन संपले त्याला केवळ अभ्यासाचा विषय म्हणून जगण्याची मुभा कायद्याने दिली. संग्राहकाला इतकी स्पष्ट मान्यता क्वचितच मिळाली असेल. मान्यतेबरोबर जबाबदारीही येते.

ती जबाबदारी अवघड नाही. नोट कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या आठवणीसह मिळाली हे त्याच दिवशी वहीत लिहावे. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, धुऊ नये. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवावी. आणि नोटेशेजारी एखादा रोखा, एखादी पावती, पगाराची चिठ्ठी सापडली तर ती रद्दीत घालू नये, कारण तिला सूची नाही म्हणून ती निर्मोल ठरत नाही. कर्डे आणि सुपे इथे जी खते जळाली त्यांचा आम्हांस शोक नाही. ती जळायलाच हवी होती, असे जाळणाऱ्यांना वाटले आणि त्यांचे कारण सबळ होते. पण जी वाचली ती नोटांइतक्याच काळजीने ठेवली पाहिजेत. अन्यथा आमच्या संग्रहांत राज्यकर्त्याने दिलेली वचने तेवढी राहतील, आणि कुणब्याकडून घेतलेली नाहीशी होतील.

दौंडच्या आजींकडे आम्ही पुन्हा गेलो ते पाकीट घेऊन. नोट तिच्या चार घड्यांसह आत ठेवली आणि मागे एका चिठ्ठीवर त्यांच्या सासऱ्यांचे नाव, हुद्दा आणि त्यांना आठवत होते तेवढे लिहिले. वर्ष त्यांना सांगता येईना, सून आतून म्हणाली, "आत्याबाई, आपल्या दादांच्या जन्माच्या आधीचं म्हणा." आम्ही तसेच लिहिले. पाकीट पुन्हा पोथीत गेले.